लाजेपायी चुकलेला क्रम: पुरुषांच्या ‘खालच्या’ काळज्या कशा मार्गी लावायच्या

केस पेपरच्या खिडकीवर कारकून मोठ्यानं विचारतो, “काय होतंय?” मागे रांगेत दहा जण, त्यातले दोघं गावातलेच. पुढे उभा असलेला पंचविशीतला मुलगा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “पोटात दुखतंय.” पेपरवर ‘मेडिसिन’ असा शिक्का पडतो. दोन तासांनी तो ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन बाहेर येतो. ज्यासाठी खाडा करून आला होता, ती अंडकोषातली गाठ त्यानं कुणालाच दाखवलेली नसते.

सरकारी रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता खिडकीवरचा चेहरा बघूनच ओळखू येतं. चूक बहुतेकांची एकच, क्रमाची. आधी तेल-चूर्ण, मग मोबाइलवर शोधाशोध, मग रोज आरशासमोर उभं राहणं, मग लग्न पुढे ढकलणं, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. मी स्वतः बावीस वर्षांचा असताना रस्त्याकडेच्या एका तंबूत अठराशे रुपये मोजून तेलाची बाटली घेतली होती. हॉस्टेलच्या खोलीभर लवंगेचा वास सुटला आणि आठवड्यात कातडी सोलून निघाली. वाढलं काहीच नाही.

लेख प्रौढ पुरुषांसाठी आहे. आकार, वाकडेपणा, गाठी, पुरळ, घट्ट कातडी, ‘धातू जाणं’, ऑपरेशननंतर बदललेलं शरीर, असं सगळं यात येतं. पायऱ्या दिल्यात त्याच क्रमानं घ्या.

## पायऱ्यांच्या आधी: इथे वाट बघायची नाही

पुढचं काही झालं असेल तर वाचणं सोडा आणि मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

- एका वृषणात (अंडकोषाच्या पिशवीतल्या गोळीत) अचानक जोराची कळ, सोबत मळमळ. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात ते हातचं जातं.
- चार तास झाले तरी ताठरता उतरत नाही.
- मागे सरकवलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजत चाललंय.
- संबंधाच्या वेळी कट्‌कन आवाज झाला, लगेच सूज आली आणि जागा काळीनिळी पडली.
- लघवी पूर्ण तुंबली आहे.
- मधुमेह आहे आणि अंडकोषाची सूज झपाट्यानं वाढतेय, ताप आहे, कातडी काळपट पडतेय, घाण वास येतोय. यात तासातासानं फरक पडतो.

लघवीतून एकदाच आणि न दुखता रक्त गेलं असेल तर रात्री धावायला नको, पण त्याच आठवड्यात दाखवा. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून महिनाभर धण्या-जिऱ्याचं पाणी पिणारे पाहिलेत.

## पायरी १: काळजी एका वाक्यात लिहा

‘कमजोरी आहे’ ही तक्रार होत नाही. हाच शब्द वापरून एक जण सांगतो की ताठरता टिकत नाही, दुसरा सांगतो की लवकर होतं, तिसऱ्याला वाटतं आपलं लहान आहे, आणि चौथा नुसता दमलेला असतो, रात्रपाळीमुळे. डॉक्टरांनी कशावर उपचार करायचे?

कागद घ्या, मोबाइलही चालेल, आणि असं वाक्य लिहा: “डावी बाजू उजवीपेक्षा खाली लोंबते, उभं राहून काम केलं की जड वाटतं, सहा महिन्यांपासून.” किंवा: “कातडी मागे जात नाही, प्रयत्न केला की चिरते, दिवाळीपासून.” किंवा अगदी खरं: “दुखत-खुपत काही नाही, पण मला ते लहान दिसतं आणि डोक्यातून जात नाही.”

त्याखाली लिहा: आजवर काय काय लावलं आणि खाल्लं. मग हे सुरू कधी झालं. हा शेवटचा प्रश्न टाळू नका. पुष्कळांना नेमका दिवस आठवतो: तालमीत लंगोट बांधताना कुणी मारलेला टोमणा, पोलीस भरतीच्या मेडिकलच्या रांगेत इकडेतिकडे गेलेली नजर, एखादी क्लिप, एखाद्या मैत्रिणीचं वाक्य. शरीरात बदल होऊन सुरू झालेली काळजी आणि कुणाच्या बोलण्यावरून सुरू झालेली काळजी यांचे रस्ते पुढे वेगळे होतात.

तपासून पाहा: वाक्यात ‘कधीपासून’ आलं का? नसेल तर पुन्हा लिहा.

## पायरी २: लावणं-खाणं बंद

दोन आठवडे स्वतःच्या मनानं सुरू केलेलं सगळं थांबवा. तेल, स्प्रे, शिलाजितच्या नावाखाली आलेल्या कॅप्सूल, पंप, वजन बांधणं. मोजणंसुद्धा.

सावधान: डॉक्टरांनी दिलेल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्यातल्या एखाद्या गोळीमुळे ताठरतेवर परिणाम होतोय अशी शंका असेल तर ती डॉक्टरांना सांगा. बदलून मिळू शकते.

‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल या ताठरता आणणाऱ्या ॲलोपथीच्या औषधाची भेसळ सापडते. ज्याला छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी लिहून दिली आहे, त्याचा रक्तदाब या दोन्हींच्या मिश्रणानं जीवघेणा कोसळू शकतो. कॅप्सूल घेणाऱ्याला आपण काय घेतलंय हे माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट मेडिकलच्या काउंटरवरून आणलेली ‘खाजेची ट्यूब’. अनेक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड असतं. जांघेतली आणि लिंगावरची कातडी मुळात पातळ. दोन दिवस छान वाटतं, मग बुरशी दबा धरून पसरते, कातडी विरते, लालबुंद होते, आणि माणूस तीच ट्यूब आणखी लावतो. ती बंद केल्यावर काही दिवस आग वाढू शकते. तशी वाढली तर दोन आठवडे थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना ट्यूब बरोबर न्या.

## पायरी ३: तपासणी, एकदाच आणि नीट

वेळ: कोमट पाण्यानं अंघोळ केल्यानंतर. थंडीत अंडकोष आक्रसतो, काही कळत नाही.

आधी उभं राहून नुसतं बघा. एक बाजू खाली असणारच, बहुतेकांची डावी. मग एकेक वृषण अंगठा आणि दोन बोटांमध्ये हलकेच फिरवा. उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत, थोडा दबणारा स्पर्श लागला पाहिजे. मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखा भाग लागतो. ती शुक्राणू वाहून नेणारी यंत्रणा आहे. ‘गाठ सापडली’ म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हाच भाग सापडलेला असतो.

शोधायचं ते वृषणाच्या अंगालाच चिकटलेली, वाटाण्यासारखी कडक, बहुधा न दुखणारी गाठ, किंवा एक वृषण दुसऱ्यापेक्षा जड आणि मोठं होत जाणं. वृषणाचा कर्करोग तसा दुर्मिळ, पण होतो तो मुख्यतः पंधरा ते पस्तीस-चाळीस या वयात, आणि वेळेत सापडला तर बहुतेक जण बरे होतात. लहानपणी ज्यांचं वृषण खाली उतरलं नव्हतं त्यांनी जास्त लक्ष ठेवावं.

मग कातडी मागे सरकवून टोक बघा. सहज जाईल तेवढीच. जोर लावायचा नाही, आणि बघून झाल्यावर ती परत पुढे आणायची. ही शेवटची कृती विसरल्यामुळे रात्री इमर्जन्सीत आलेली माणसं मला माहीत आहेत.

नेहमीची चूक: चिमटे काढत रोज तपासणं. दाबून दाबून वृषण दुखायला लागतं आणि ते दुखणंच नवा आजार वाटतं. महिन्यातून एकदा पुरे.

## पायरी ४: मोजायचंच असेल तर

खरं तर बहुतेकांनी ही पायरी सोडून द्यावी. पण माणसं मोजतातच, आणि चुकीचं मोजतात, म्हणून लिहितो.

कडक पट्टी घ्या, शिंप्याची टेप नको. उभे राहा. पट्टी वरच्या बाजूनं लावा आणि मुळाशी चरबीतून हाडाला टेकेपर्यंत दाबा. तिथून टोकापर्यंत मोजा. पुढे लोंबणारी कातडी धरायची नाही. शिथिल अवस्थेतल्या मापाला अर्थ नसतो. ते हवामानावर, घाबरण्यावर, अंघोळीच्या पाण्यावर बदलतं.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या एकूण १५,५२१ पुरुषांची, आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली मापं एकत्र केली. ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर भरली, घेर ११.६६. केरळमधल्या २००७ च्या अभ्यासातही ताठ लांबीची सरासरी १३ सेंटिमीटरच्याच आसपास होती. मोबाइलवर ‘आठ इंच’ वाचून आलेल्या माणसाला पट्टीवर १३ सेंटिमीटर दाखवलं की तो दोनदा बघतो. पाच इंचांच्या जरा वर.

सरासरीपेक्षा कमी भरलं म्हणजे आजार नव्हे. शंभरातल्या पाचेक जणांचं १० सेंटिमीटरच्या आत असतं आणि त्यांचे संसार चालू असतात, मुलंबाळं होतात. ताणून मोजलेली लांबी साडेसात सेंटिमीटरच्या आत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण हार्मोन तपासावे लागू शकतात.

मान खाली घालून बघितलं की ते आखूडच दिसणार. कोन तसा आहे, आणि मध्ये पोट असेल तर आणखीच. दुसऱ्याचं आपण बाजूनं किंवा समोरून बघतो. पोट सुटलेल्या माणसाचं लिंग मुळाशी चरबीत बुडतं. वजन उतरलं की बुडालेला भाग बाहेर येतो. ‘वाढवण्याचा’ ज्ञात आणि बिनधोक असा हाच एक मार्ग, आणि त्याची जाहिरात कुठल्याच भिंतीवर नसते.

## पायरी ५: काय सोडून द्यायचं, काय दाखवायचं

सोडून द्यायचं:

टोकाच्या कडेनं ओळीत बसलेले मोत्यासारखे बारीक दाणे. संसर्ग नाही, कुणाकडून आलेले नाहीत, खरवडायचे नाहीत. कातडीखाली दिसणारे पांढरट-पिवळे कण, त्या तेलग्रंथी. उठून दिसणाऱ्या नसा. जाहिरातींमधली ‘नसांची कमजोरी’ आणि ‘मुळाशी पातळपणा’ ही नावं कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात आजार म्हणून नाहीत. वयात आल्यापासून असलेला, न दुखणारा, संबंधात अडचण न आणणारा थोडा बाक. झोपेत वीर्य जाणं. शौचाला जोर केल्यावर आलेले एक-दोन चिकट थेंब, किंवा कधीतरी गढूळ दिसणारी लघवी, जी बऱ्याचदा फॉस्फेटच्या क्षारांमुळे तशी दिसते. ‘धातू जातोय, म्हणून गाल बसले, गुडघे दुखतात’ ही तक्रार आपल्याकडे इतकी सार्वत्रिक आहे की मानसोपचारात तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच पडलंय. वीर्य जाण्यानं शरीर झिजत नाही. पण धास्तीनं झोप उडते, भूक जाते, आणि गाल खरंच बसतात.

दाखवायचं:

डाव्या बाजूला उभं असताना गांडुळांच्या पुरचुंडीसारखं लागणं आणि आडवं झाल्यावर ते कमी होणं, हे व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या नसा. शंभरात पंधरा जणांना असतं आणि अनेकांना काही करावं लागत नाही. पण दुखत असेल, मूल होत नसेल किंवा वृषण लहान होत असेल तर दाखवा. ते फक्त उजवीकडे असेल किंवा आडवं होऊनही जात नसेल तर पोटाची सोनोग्राफी लागते. भरतीची तयारी करणाऱ्यांनी मेडिकलच्या आठवडाभर आधी घाईनं ऑपरेशन उरकू नये. ज्या दलात जायचं त्याचे चालू नियम वाचून, जखम भरायला वेळ ठेवून ठरवा.

एका बाजूची पिशवी पाण्यानं भरल्यासारखी फुगली तर ते हायड्रोसील, म्हणजे अंडवृद्धी. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात हे पुष्कळ दिसतं. माणसं धोतर-लुंगीत लपवून वर्षानुवर्षं काढतात, लग्नाकार्याला जात नाहीत. ऑपरेशन नेहमीचं आहे आणि सरकारी रुग्णालयात होतं. सुईनं पाणी काढून घेण्याच्या भानगडीत पडू नका, ते पुन्हा भरतं.

चाळिशीनंतर नव्यानं आलेला बाक, ताठरतेच्या वेळी दुखणं, कातडीखाली कडक चकती हे पेरोनी नावाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. लवकर दाखवलं तर पर्याय जास्त राहतात.

आता घट्ट कातडी. तरुणपणी काही न होता चाळिशी-पन्नाशीत कातडी घट्ट व्हायला लागली, उभ्या बारीक चिरा पडायला लागल्या, खाज आणि पांढरा थर येतोय, तर सगळ्यात आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा इथेच कळलेले कितीतरी जण आमच्याकडे होते. दुसऱ्या कशासाठी त्यांनी कधी रक्त दिलंच नसतं. मुळात घट्ट असेल तर डॉक्टर काही आठवड्यांसाठी मापात स्टिरॉइड मलम देऊन बघतात. (पायरी २ मधल्या ट्यूबची आणि याची गल्लत करू नका, इथे मलम, मुदत आणि जागा डॉक्टर ठरवतात.) त्यानं भागलं नाही तर कातडी काढायचं छोटं ऑपरेशन. इथे अनेक हिंदू घरांतून प्रश्न येतो, ‘सुंता केली म्हणजे लोक काय म्हणतील?’ लोकांना कळायचं कारण नाही. त्या केस पेपरवर आजाराचं नाव असतं, धर्माचं नसतं. काही वेळा पूर्ण कातडी न काढता भागतं. तसं विचारून घ्या.

आणि ताठरता तीन महिन्यांहून जास्त काळ मिळत नसेल तर ताकदीची गोळी मागण्याआधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासा. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड तिथे आधी दिसू शकतो. सकाळी उठताना ताठरता येते का, हेही लक्षात ठेवून सांगा. येत असेल तर यंत्रणा बहुधा शाबूत आहे, आणि कारण ताणात शोधावं लागतं.

## पायरी ६: योग्य दार

कुणाकडे जायचं यावर अर्धं काम ठरतं. गाठ, आकार, बाक, कातडी, लघवी यांसाठी युरोलॉजिस्ट, आपल्याकडे पाटीवर ‘मूत्रविकारतज्ज्ञ’ किंवा ‘मूत्ररोगतज्ज्ञ’ लिहिलेलं असतं. एम. सीएच. (युरोलॉजी) किंवा त्या विषयातलं डीएनबी असं शिक्षण बघा. पुरळ, फोड, स्राव, जखम यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. बाहेर संबंध आल्यानंतरची शंका असेल तर सरकारी रुग्णालयातलं ‘सुरक्षा क्लिनिक’. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध गोपनीयता पाळून मिळतं. जिल्हा रुग्णालयात युरोलॉजिस्ट नसेल तर सर्जरीच्या ओपीडीत दाखवा, ते वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. तिथे युरोलॉजीचे वार ठरलेले असतात, आधी चौकशी करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशांचं कारण सांगून अडून राहू नका.

खिडकीवर काय बोलायचं? तक्रार सांगायचीच नाही, विभाग सांगायचा. “सर्जरी ओपीडी” किंवा “युरोलॉजी”, एवढंच. फारच लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर विभागाचं नाव लिहून आधारकार्डाबरोबर आत सरकवा. कारकुनाला त्याचं काही वाटत नाही, उलट रांग लवकर सरकते.

सावधान: भिंतीवर, स्टेशनाबाहेर, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गॅरंटी’च्या जाहिराती. लैंगिक ताकद वाढवण्याची औषधं जाहिरातीतून विकणं हा ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४’ नुसार गुन्हा आहे. ॲलोपथीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. नसेल तर उठून या.

आणखी सावधान: ‘फोटो पाठवा, घरबसल्या निदान’ म्हणणाऱ्या अनोळखी नंबरवर फोटो पाठवू नका. काही दिवसांनी तोच फोटो नातेवाइकांना पाठवायची धमकी येते. आली तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

## पायरी ७: आत गेल्यावर

बसल्याबसल्या पहिल्या पायरीतलं वाक्य वाचून दाखवा. बोलता येत नसेल तर कागद पुढे करा, अनेक जण तसंच करतात. शब्दांची लाज सोडा: लिंग, कातडी, अंडकोष म्हणजे पिशवी, वृषण म्हणजे आतली गोळी. ‘अंडाशय’ म्हणू नका, ते बायकांना असतं. असं म्हणून एकानं सोनोग्राफीच्या खोलीत अख्खा गोंधळ उडवला होता.

सैल पँट घालून जा. दाढी करून जाण्यासारखी तिथले केस काढून जायची गरज नाही, उलट ब्लेडनं चिरा पाडून घेता. खोलीत शिकाऊ डॉक्टर असतील आणि नको वाटत असेल तर “थोडे कमी लोक असले तर बरं” असं सांगता येतं. बाई डॉक्टर असतील आणि अवघडल्यासारखं होत असेल तर तसं सांगा, पण तेवढ्यासाठी उठून जाऊ नका. तपासताना ताठरता आली तर? येते कधी कधी. ते डॉक्टरांना नवीन नसतं.

निघण्याआधी विचारा: हा आजार आहे की शरीराचं वेगळेपण? काही केलं नाही तर काय होईल? परत कधी दाखवायचं? उत्तरं पेपरवर लिहून घ्या. हे घरी गेल्यावर कामाला येतं, कारण पुढची पायरी सगळ्यात अवघड आहे.

## पायरी ८: ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकल्यानंतर

डॉक्टर दोन मिनिटांत म्हणतात, “काही नाही, नॉर्मल आहे, जा.” माणूस खाली उतरेपर्यंत हलका असतो. रिक्षात बसल्यावर वाटतं, त्यांनी नीट बघितलंच नाही. आठवड्यात दुसरा डॉक्टर. मग तिसरा. मी सात जणांच्या फायली घेऊन आलेला माणूस पाहिलाय. सातही ठिकाणी एकच निकाल होता.

दुसरं मत जरूर घ्या, एकदा. दोन्ही सारखी आली तर डॉक्टर बदलणं बंद करा आणि दुसऱ्या बाजूनं कामाला लागा.

आधी टाळाटाळीची यादी करा. सार्वजनिक मुतारीत उभं न राहणं, मित्रांबरोबर नदीवर न जाणं, दिवा मालवल्याशिवाय बायकोजवळ न जाणं, स्थळं नाकारणं. यादी सोप्यापासून अवघडाकडे लावा आणि सगळ्यात सोप्यापासून सुरू करा. उदाहरणार्थ, पहिल्या आठवड्यात एसटी स्टँडच्या मुतारीत कोपऱ्यातली जागा, गर्दी नसताना. पुढच्या आठवड्यात मधली. पहिल्यांदा लघवी सुटणारच नाही कदाचित. मिनिटभर थांबा, निघून या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणारा बहुधा परत फिरतो आणि ‘बघा, जमत नाही’ असं म्हणायला मोकळा होतो.

आरसा, पट्टी, चाचपणी यांचे दिवसातले आकडे कागदावर मांडा. बारा असतील तर या आठवड्यात आठ, पुढच्या आठवड्यात चार. एकदम शून्यावर आणायला जाऊ नका. क्लिप बघणं ज्यांना सुटत नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथली माणसं मापावरून निवडलेली असतात, कॅमेराही त्यासाठीच लावलेला असतो.

तपासून पाहा: हा विचार रोज तासाभराहून जास्त वेळ खातो का? काम, झोप, नातं बिघडतंय का? असेल तर हा मानसोपचारतज्ज्ञांचा विषय झाला. शरीराच्या एखाद्या भागाबद्दलची अशी चिकटून बसणारी धास्ती हा ओळखला गेलेला आजार आहे आणि त्यावर बोलण्याचे उपचार आणि गोळ्या दोन्ही लागू पडतात. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच करा.

अशा अवस्थेत माणसं ऑपरेशन शोधायला लागतात. आकार नॉर्मल असताना चरबी किंवा फिलर टोचून घेणं, मुळाशी धरून ठेवणारा स्नायुबंध कापणं, याचे परिणाम गाठी, वेडावाकडा आकार, ताठरतेला आधार न राहणं असे होऊ शकतात. घरी व्हॅसलीन किंवा खोबरेल टोचून घेणारेही असतात. ती कातडी पुढे कापून काढावी लागते. ताण देणारं यंत्र काही आजारांत डॉक्टर वापरायला सांगतात, रोज काही तास, कित्येक महिने, आणि फरक पडला तर सेंटिमीटरभर. पंपानं कायमची वाढ होत नाही. ऑपरेशनचा विचार सुटतच नसेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग सर्जन. हा क्रम उलटला की ऑपरेशन होतं आणि धास्ती तिथेच राहते.

## पायरी ९: ऑपरेशनच्या आधी विचारायचं

ज्यांना खरंच आजार निघाला त्यांच्यासाठी. ऑपरेशनला होकार देण्याआधी ‘नंतर कसं दिसेल आणि काय बदलेल’ हे स्पष्ट विचारा. ते आपणहून सांगितलं जाईलच असं नाही.

एक वृषण काढावं लागणार असेल तर: दुसरं चांगलं असेल तर हार्मोन आणि मूल होण्याचं काम बहुधा तेवढ्यावर भागतं. रिकामी बाजू खटकणार असेल तर सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं. आधी विचारलं तर त्याच ऑपरेशनमध्ये. कर्करोगासाठी पुढे केमो लागणार असेल तर त्याआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा. केमो सुरू झाल्यावर ती वेळ गेलेली असते.

कॅथेटर (लघवीची नळी) घरी घेऊन जाणार असाल तर मांडीला बांधायची पिशवी मागा. ती पायजम्याखाली झाकली जाते, हातात पिशवी धरून फिरावं लागत नाही.

प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन होणार असेल तर हे जोडप्यानं मिळून ऐका: त्यानंतर बहुतेकांचं वीर्य पुढे न येता मूत्राशयात जातं आणि लघवीबरोबर निघून जातं. सुख वाटतं, बाहेर काही येत नाही. धोका नाही. आमच्याकडे चौसष्ट वर्षांचे एक काका डिस्चार्जनंतर दीड महिन्यानं आले आणि दार लावून घेऊन म्हणाले, “संपलो मी.” बायकोशी त्या दिवसापासून बोलणं टाकलं होतं. मी कागदावर मूत्राशय काढलं, नळी काढली, बाण उलटा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बाण बराच वेळ पाहिला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “ती बाहेर बसलीय. तिलाही दाखवा.”